पाटणकरांची अर्धी वाक्यं

जुई शेडगे संवादशास्त्राची पदवीधर झाली तेव्हा तिच्या वडिलांनी गल्लीत पेढे वाटले खरे, पण कशाबद्दल हे सांगताना त्यांची पंचाईत झाली. कराडच्या मंडईमागे त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. गाड्या आपल्या आपण चालू लागल्यापासून तिथे शिकायला कुणी फिरकत नव्हतं, तरी पाटी उतरवायचा त्यांना धीर होत नव्हता. अशा माणसाने मुलीच्या पोटापाण्याची काळजी करावी हे साहजिकच होतं.

"पोरी, बोलायला काय शिकायचं असतंय व्हय?" ते म्हणत. "तुझी आत्या कुठल्या कॉलेजात गेलती? तिच्यापुढं मामलेदारसुद्धा हात टेकतोय."

त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. जुईने प्रवेश घेतला तेव्हा विभागाच्या भिंतीवर एक रंगीत तक्ता होता. या पदवीनंतर माणूस वृत्तनिवेदक होतो, जनसंपर्क अधिकारी होतो, सूत्रसंचालक होतो, कंपन्यांत जाऊन साहेबलोकांना बोलायला शिकवतो, असं बरंच काही त्यावर लिहिलेलं होतं. तीन वर्षांत त्यातलं जवळजवळ सगळं निकालात निघालं. बातम्या यंत्रं वाचू लागली आणि त्यांचा घसा बसत नसे. बँकेचा फोन यंत्र उचलू लागलं आणि ते कुणावर खेकसत नसे. नगरसेवकांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा त्यांच्याच आवाजात घरोघर जाऊ लागल्या, तेव्हा नगरसेवक घरी ढाराढूर झोपलेले असत. जुईच्या वर्गातला एकजण पुढाऱ्यांना यंत्रासारखं न बोलण्याची शिकवणी देऊ लागला आणि त्याचं बरं बस्तान बसलं. दोघी शाळेत लागल्या. बाकीच्यांनी पदवी कपाटात ठेवली आणि मिळेल ते काम धरलं.

जुई मात्र हटून बसली. तिला हा विषय मनापासून आवडला होता, आणि आवडलेल्या गोष्टीचं जगात काहीतरी होतच असणार अशी तिची भाबडी समजूत होती. ती खरी ठरली, पण ज्या बाजूने ठरली तिकडे विभागातल्या कुणाचंच लक्ष नव्हतं.

झालं होतं असं. स्मृतिभ्रंशावर एक औषध निघालं होतं. मेंदूत साचत जाणारा प्रथिनांचा गाळ ते धुऊन काढी. महिन्यातून एकदा सलाईनसारखं शिरेतून द्यायचं. पण गाळाखाली पेशी मरून गेल्या की मग गाळ काढून उपयोग नसे, आणि निरोगी माणसाला ते दिलं तर मेंदूला सूज येई. म्हणजे औषध कुणाला आणि कधी द्यायचं, याला सगळं महत्त्व. रक्ताच्या तपासणीत गाळाची खूण सापडे, पण ती साठीनंतर निम्म्या लोकांत सापडे आणि त्यातले कित्येक जण शेवटपर्यंत ठणठणीत राहत. खरोखर कुणाचं बिघडू लागलंय हे रक्त सांगत नव्हतं. ते बोलणं सांगत होतं.

माणूस घरचा रस्ता चुकतो तेव्हा आजार जुना झालेला असतो. त्याच्या कितीतरी आधी बोलण्यातली नामं जाऊ लागतात. 'किसणी' जाते आणि 'ते हे' येतं. निरोगी माणूस वाक्य संपल्यावर थांबतो. आजारी माणूस वाक्याच्या मध्ये, नेमका नामाच्या तोंडाशी थांबतो, आणि थांबण्याआधीचा सूर नकळत लांबवतो. हे सगळं इतकं बारीक असतं की घरच्यांना वर्षानुवर्षं कळत नाही. ते टिपणारं एक यंत्र तयार झालं आणि त्याला कुणीतरी 'कानोसा' असं छान नाव दिलं. दहा मिनिटांच्या मोकळ्या गप्पा त्याला ऐकवायच्या, की ते माणसाला हिरव्या, पिवळ्या किंवा तांबड्या पट्ट्यात टाकी. पिवळा म्हणजे औषध चालेल. तांबडा म्हणजे उशीर झाला.

अडचण एकच होती. यंत्रापुढे मोकळ्या गप्पा मारणार कोण? आजोबा लोक यंत्र दिसलं की ताठ बसून सभेत बोलावं तसं बोलत. आज्या "सगळं बरं आहे" एवढं म्हणून पदर सावरत गप्प बसत. यंत्राने प्रश्न विचारून पाहिले, पण समोरचा 'हं' म्हणतो तो नेमका कधी म्हणतो यावर माणूस पुढे बोलतो की नाही ते ठरतं, आणि यंत्राचा 'हं' जरासा उशिरा येई. एवढ्याशा उशिराने माणसं मिटून जात. शेवटी केंद्रांना माणूस ठेवावा लागला. अशा माणसाला गप्पा लावता आल्या पाहिजेत, स्वतः कमीत कमी बोलून त्या चालू ठेवता आल्या पाहिजेत आणि काय ऐकलं ते नेमकं सांगता आलं पाहिजे. त्या पदाला 'संभाषक' म्हणत आणि त्यासाठी पदवी हवी होती संवादशास्त्राची.

"म्हणजे काम काय तुझं?" वडिलांनी विचारलं.

"हं म्हणायचं," जुई म्हणाली.

वडील म्हणाले, "सरकार ह्याचा पगार देतंय?"

कराडच्या स्मृती तपासणी केंद्रात जुई रुळली. केंद्राच्या प्रमुख होत्या डॉ. आफ्रीन मुजावर. बाई शिस्तीच्या, पण कुणाचं ऐकून घ्यायचा कंटाळा नसलेल्या. जुईचं काम त्यांना पहिल्या आठवड्यातच पसंत पडलं. तिच्या खोलीत येणारी माणसं बोलत. ती खाली बघून लसूण सोलत बसे, कधी शेंगा फोडी, कारण हाताला काम असलेल्या बाईशी बोलायला लोक बिचकत नाहीत हे तिला ठाऊक होतं. केंद्रातल्या शिपायाच्या घरी त्या वर्षी सोललेला लसूण विकत आणावा लागला नाही.

एके दिवशी सौरभ पाटणकर नावाचा इंजिनिअर त्याच्या वडिलांना घेऊन आला. वडील श्रीरंग पाटणकर वीज मंडळातून निवृत्त झालेले. आई हेमलताबाई बरोबर होत्या. त्यांना जुई ओळखत होती. कराडात असं कुणी नसेल की जे ओळखत नसेल. सत्कार असो, शाळेचं गॅदरिंग असो की नवरात्रातला कार्यक्रम, माइक हेमलता पाटणकरांच्या हातात. चाळीसेक वर्षं त्यांनी हे केलं होतं, दोन वर्षांपूर्वी वयाचं कारण सांगून सोडलं. पाहुणा उशिरा आला तर त्या अर्धा तास सभा नुसत्या बोलण्यावर धरून ठेवत, आणि पाहुणा आल्यावर लोकांना तो आला याचं वाईट वाटे.

"बाबांचं काहीतरी बिघडलंय," सौरभ म्हणाला. "आयुष्यभर हा माणूस दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचा. आता दोन वर्षं नुसता बोलतोय. आणि एक वाक्य धड पुरं करत नाही. आई आहे म्हणून निभावतंय, तीच शब्द सुचवते."

जुईने दोघांनाही खोलीत बसवलं. एकट्यापेक्षा जोडप्याने गप्पा रंगतात हा तिचा अनुभव होता. आणि रंगल्याच. श्रीरंगराव बोलत, हेमाकाकू शेवटी शब्द टाकत.

"तेव्हा आम्ही पाटणला होतो. कोयनेचा सगळा भाग माझ्याकडं. वादळात तारा तुटल्या की रात्रीअपरात्री निघायचं, आणि ही मला बांधून द्यायची ती..."

"भाकरी," हेमाकाकू म्हणाल्या.

"भाकरी. आणि सौरभ तेव्हा एवढासा. त्याला काय आवडायचं, तर खिडकीत बसून बघायचा तो..."

"पाऊस."

असं सगळं. हेमाकाकू प्रत्येक वेळी अचूक, झटकन, हसून. जुई ऐकतच राहिली. चाळीस वर्षांचा संसार बोलण्यात असा मुरलेला तिने कधी पाहिला नव्हता. कानोसाने श्रीरंगरावांना पिवळ्या पट्ट्यात टाकलं, कारण त्यांची निम्मी वाक्यं अपुरी होती. रक्तातही खूण निघाली. जुईने अहवालाखाली 'पत्नीची साथ उत्तम' असं लिहिलं आणि स्वतःवर खूश झाली. पुढच्या आठवड्यात औषधाची पहिली बाटली लागायची होती.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत ती डबा उघडून बसली होती आणि पाटणकरांचं संभाषण केवळ आवडलं म्हणून पुन्हा लावलं होतं. कॉलेजात वाघमोडे मॅडम एक उद्योग करायला लावत. दोघांच्या गप्पांतला एक आवाज पूर्ण बंद करायचा आणि उरलेला ऐकायचा. बोलणं दोघांत घडतं, तेव्हा कोण किती ओझं उचलतंय ते असं ऐकल्यावर कळतं, असं त्यांचं म्हणणं. खोलीत प्रत्येकाला वेगळा माइक असे, त्यामुळे हे सोपं होतं. जुईने सहज चाळा म्हणून श्रीरंगरावांचा आवाज बंद केला.

शांतता. मग "भाकरी." पुन्हा शांतता. "पाऊस." "हो." "सौरभ." "हो ना." "पाणी." "घर."

दहा मिनिटं हेच. कराडच्या सभा अर्धा अर्धा तास बोलण्यावर धरून ठेवणाऱ्या बाईच्या तोंडून एकही पूर्ण वाक्य आलं नव्हतं. जुईच्या हातातला घास हातात राहिला.

तिने काकूंचा आवाज बंद केला आणि काकांचा लावला. आता तिला ते स्वच्छ ऐकू आलं आणि आधी का ऐकू आलं नाही याची लाजही वाटली. ज्याचा शब्द हरवतो तो त्याआधी सूर लांबवतो, 'ते, ते' करतो, चाचपडतो. श्रीरंगराव चाचपडत नव्हते. 'विद्युत उपकेंद्र', 'दुरुस्ती पथक', 'पंचनामा' असले जड शब्द ते सहज बोलून जात होते. थांबत होते ते फक्त सोप्या, रोजच्या शब्दाशी, आणि थांबत होते कापल्यासारखे, सूर किंचित वर नेऊन. पंगतीत वाढणारा पुढच्या पानाशी थांबतो तसे. वाक्य असं बांधत आणायचं की शेवटी एकच शब्द बसेल, आणि तो शब्द तिच्याकडे अजून शिल्लक असलेलाच असेल. तेवढी जागा तिच्यासाठी सोडायची. मग ती शब्द टाकते, सगळे म्हणतात हेमा काय तल्लख आहे, श्रीरंगचं मात्र वय झालं.

चार वाक्यांचा माणूस दोन वर्षांपासून बडबडू लागला होता तो याच्यासाठी. जुईला रडू आलं. तिने डबा झाकून ठेवला आणि सरळ डॉक्टरांकडे गेली.

डॉ. मुजावर यांनी दोन्ही ध्वनिफिती ऐकल्या, डोळे मिटून, एकदाही मध्ये न बोलता. मग त्या म्हणाल्या, "निरोगी माणसाला मी सूज आणणारं औषध देणार होते."

"अहवाल माझा होता, मॅडम."

"त्यावर सही आपण दोघींनी केली होती. ते राहू दे. बाईंचं किती पुढे गेलंय?"

"एकेका शब्दावरून कसं सांगू? पण ते शब्दही मोजकेच आहेत. तेच तेच फिरून येतात."

"म्हणजे वेळ थोडा आहे." डॉक्टर खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "पण त्या आपल्याकडे तपासायला आलेल्याच नाहीत. त्यांच्या मर्जीशिवाय मी त्यांच्या आवाजाला हात लावू शकत नाही. जुई, हे औषधाचं काम नाही, तुझं आहे. तू बोल त्यांच्याशी."

श्रीरंगराव बायकोला एकटं सोडून कुठेच जात नसत, त्यामुळे त्यांना गाठायचं कुठे हाच प्रश्न होता. पण संध्याकाळी दोघं नदीकाठी प्रीतिसंगमावर येतात हे गावाला माहीत होतं. तिथे हेमाकाकू नदीकडे तोंड करून बाकावर बसल्या होत्या आणि काका थोड्या अंतरावर भेळेच्या गाडीशी उभे होते. जुई त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"काका, तुम्हाला काहीही झालेलं नाही."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग बाकाकडे पाहिलं. "भेळ कमी तिखट," ते गाडीवाल्याला म्हणाले.

"काकूंना झालंय. आणि तुम्हाला ते दोन वर्षं माहीत आहे."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. हाच त्यांचा खरा स्वभाव असणार, असं जुईला वाटलं. तीही बोलली नाही. गप्प राहणं तिच्या कामाचाच भाग होता.

"तिच्या थोरल्या बहिणीला होतं हे," शेवटी ते म्हणाले. "शेवटी शेवटी लोक तिच्या देखत तिच्याविषयी बोलायचे. ती खोलीत नसल्यासारखे. हेमानं ते बघितलं. परत येताना गाडीत मला म्हणाली, माझं असं झालं तर मला सांगू नका. मी हो म्हणालो. आता बोल, मी काय करायला पाहिजे होतं?"

"तेव्हा औषध नव्हतं."

"आता आहे, म्हाईतंय मला. सगळं वाचलंय मी." त्यांचा आवाज चढला आणि त्यांनी तो लगेच खाली आणला. "पण तपासणी म्हणजे तिला कळणार. आणि कळलं की ती तोंड उघडायची नाही. पोरी, तिचं आख्खं आयुष्य बोलण्यात गेलंय. चुकीचा शब्द तोंडातनं जाईल म्हणून गप बसणारी बाई आहे ती. मी तिला बोलती ठेवलीय कशीबशी. दिवसभर डोक्यात वाक्यं जुळवत असतो. अवघड काही मागायचं नाही, तिला जमंल तेवढंच मागायचं. झोपेतसुद्धा जुळवतो."

जुई तीन वर्षं संवादशास्त्र शिकली होती. जगातल्या मोठमोठ्या वक्त्यांची भाषणं तिने ऐकली होती. या वीज मंडळातल्या माणसाएवढं कसबी बोलणं तिने ऐकलं नव्हतं, आणि ते तिने त्याला तिथल्या तिथे सांगितलं. "काका, आमच्या अख्ख्या विभागाला हे जमलं नसतं. पण तुम्ही देता ते शब्द दिवसेंदिवस सोपे होत चाललेत. होय ना?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"ते संपतील. मग औषधही चालणार नाही. मी काकूंना फसवून तपासणार नाही. सरळ विचारेन. नाही म्हणाल्या तर पुन्हा विषय काढणार नाही."

भेळेचे कागद हातात घेऊन ते उभे राहिले. "तूच विचार," ते म्हणाले. "माझ्यानं व्हायचं नाही."

जुई बाकावर जाऊन बसली. तिने आडवळण घेतलं नाही. काकूंच्या बोलण्याची तपासणी करावी असं आपल्याला का वाटतं ते तिने साध्या वाक्यांत सांगितलं, आजाराचं नावही सांगितलं, औषधाचं सांगितलं आणि वेळ थोडा आहे हेही. हेमाकाकू नदीकडे पाहत होत्या. कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन एकमेकींत मिसळतात ती जागा समोर दिसत होती. जुईला वाटलं, संपलं, या आता कधी बोलणार नाहीत.

"हे येतील?" काकूंनी विचारलं.

"खोलीत नाही. बाहेर बसतील."

काकूंनी मान हलवली. ती होकाराची होती की नाही हे जुईला कळेना, तेव्हा तिने पुन्हा विचारलं. काकू म्हणाल्या, "येते."

तपासणीच्या दिवशी जुईने पोत्यातल्या शेंगा काढल्या आणि काकूंसमोरही ढीग ठेवला. दोघी फोडू लागल्या. काचेपलीकडे श्रीरंगराव बसले होते. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं, आणि ते डोळ्यांची पापणी लवू न देता बघत होते.

"काकू, पहिला कार्यक्रम कुठला केलात?"

"शाळेचा. मी... पाहुणे आले होते. मोठे. त्यांना ते घालतात ना. गळ्यात. ते..." काकूंचे हात गळ्याशी गेले. "फुलांचं. ते..."

जुईच्या जिभेच्या टोकावर 'हार' येऊन उभा राहिला. तिने तो गिळला. शब्द देणं सोपं होतं. जगात सगळेच तो देतात, आणि दिला की समोरच्याचं तेवढं बोलणं कायमचं घेतलं जातं. तिने शेंग फोडली आणि म्हणाली, "हं."

काकू थांबल्या होत्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. बाहेर काकांचे ओठ हलले. काकूंनी तिकडे पाहिलं नाही.

"जाऊ दे ते," काकू म्हणाल्या. "घातलं. आणि मी बोलायला लागले. पाय... असे असे होत होते. पण आवाज नाही झाला तसा. आवाज चांगला. लोक ऐकत होते. मला वाटलं, हे माझं. हे मी करणार."

"हं."

"हे मागं बसले होते. लग्न नव्हतं झालं. बोलले नाहीत काही. कधी बोलत नसत." त्या थोडं हसल्या. "आता फार बोलतात."

जुईचा हात शेंगेवर थांबला. काकू मात्र फोडत राहिल्या. दहा मिनिटं त्या बोलत होत्या, अडखळत, रस्ते बदलत, कित्येकदा मधेच सोडून देत. त्यांच्या वाक्यांची दुर्दशा झाली होती, पण गप्प बसल्या नाहीत. जुईने आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली, त्यानंतरही ऐकली. इतकं शूर भाषण तिने दुसरं ऐकलं नाही.

कानोसाने काकूंना पिवळ्या पट्ट्यात टाकलं. पिवळ्याच्या अगदी शेवटाला, तांबड्याला खेटून, पण पिवळ्यात. रक्तातही खूण निघाली होतीच. डॉ. मुजावर यांनी पट्टा दोनदा पाहिला आणि खुर्चीत मागे टेकून बसल्या.

"आज संमती झाली तर उद्या पहिली बाटली," त्या म्हणाल्या. "आजच घेऊ."

या औषधाची संमती सहीने चालत नसे. सह्या घरचे लोक हात धरून करून घेतात, म्हणून कायद्याने रुग्णाला स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या वाक्यात सांगावं लागे की मला काय झालंय आणि मला औषध हवं आहे. ते यंत्र नोंदवून घेई. कुणी पढवलेलं किंवा मध्ये कुणी बोललेलं ते मान्य करत नसे. नवऱ्याला शेजारी बसायची मात्र परवानगी होती.

श्रीरंगराव काकूंच्या शेजारी येऊन बसले. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते त्यांच्याजवळ असूनही काही बोलत नव्हते. डॉक्टरांनी काकूंना निकाल सांगितला, काय होऊ शकतं आणि काय होणार नाही तेही सांगितलं. गेलेले शब्द परत येतीलच असं नाही, पण राहिलेले राहतील. काकूंनी नीट ऐकून घेतलं. जुईने माइक त्यांच्यासमोर ठेवला, तसा त्यांनी तो सवयीने दोन बोटांनी जरा जवळ ओढला आणि पाठ ताठ केली.

"मी हेमलता श्रीरंग पाटणकर," त्या म्हणाल्या. आवाज अजून तोच होता, सभा धरून ठेवणारा. "माझे शब्द जात आहेत. मला ते माहीत आहे. बऱ्याच दिवसांपासून माहीत आहे."

श्रीरंगरावांनी मान वर केली.

"राहिलेले मला ठेवायचे आहेत. म्हणून हे औषध मला..."

त्या थांबल्या. डॉक्टर पुढे झुकल्या. एवढंच वाक्य राहिलं होतं, आणि तिथेच बाई अडकली, असं त्यांना वाटलं. जुईला तसं वाटलं नाही. काकूंनी सूर लांबवला नव्हता. त्या चाचपडल्या नव्हत्या. वाक्य कापल्यासारखं तोडलं होतं आणि सूर किंचित वर नेला होता. मग काकूंनी मान वळवली, नवऱ्याकडे पाहिलं आणि हसून वाट पाहत राहिल्या.

श्रीरंगरावांना कळायला वेळ लागला. दोन वर्षं त्यांनी हजारो वाक्यं सोडली होती. त्यांच्यासाठी कुणी सोडलेलं हे पहिलंच होतं. त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला.

"हवं," ते म्हणाले.

"हवं," काकू म्हणाल्या आणि समाधानाने मागे टेकल्या.

यंत्राने लगेच आपल्या गोड, घसा न बसणाऱ्या आवाजात कळवलं की नोंदीत दोन व्यक्तींचे आवाज आढळले आहेत, सबब संमती ग्राह्य नाही, कृपया रुग्णाने एकट्याने पुन्हा बोलावे. डॉक्टरांनी जुईकडे पाहिलं. जुईने हात पुढे केला आणि यंत्र बंद केलं.

"घेऊ पुन्हा," ती म्हणाली. "पण जरा वेळाने."

समोर दोघं नवराबायको एकमेकांकडे पाहत गप्प बसले होते, आणि दोघांपैकी कुणालाच बोलायची घाई नव्हती.